शहाळं आजाऱ्यालाच

आमच्या संसारात नारळावरून जितकी भांडणं झाली तितकी सासरच्या माणसांवरूनही झाली नाहीत. मी सोलापूरकडची. आमच्याकडे भाजीत काय घालायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही, शेंगदाण्याचं कूट घालायचं. माझा नवरा सिंधुदुर्गातला. ह्यांच्या मते ज्यात खोबरं नाही ते जेवणच नव्हे, नुसतं पोट भरणं. लग्न होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात मी वांग्याच्या भाजीत कूट घातलं, तर ह्यांनी ताटाकडे असं पाहिलं की जणू मी त्यात माती कालवली होती. मीही काही कमी नव्हते. ह्यांच्या आईने केलेली खोबऱ्याची उसळ खाऊन मी विचारलं होतं, "छान झालीय, पण गोडाचं शेवटी वाढतात ना?" सासूबाई बिचाऱ्या हसल्या. हे दोन दिवस बोलले नाहीत.

सानपाड्याच्या ह्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या आवारात औषधालाही झाड नव्हतं. खाडीत भराव टाकून केलेली जमीन. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात बेडूक. ह्यांची नोकरी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, पाळीची. त्या वर्षी गणपतीला गावी गेलो आणि येताना एस.टी.त माझ्या मांडीवर मुलगा आणि ह्यांच्या मांडीवर कोंब फुटलेला नारळ. मुलाला वारा लागू नये म्हणून मी पदर धरला होता, आणि ह्यांनी कोंबाला लागू नये म्हणून रुमाल. आमच्या गॅलरीच्या खाली, भिंतीपासून अंतर सोडून, ह्यांनी खड्डा खणला आणि तळाशी घमेलंभर जाडं मीठ ओतलं. मी वरून बघत होते. म्हटलं, "खाडीच्या जमिनीत आणखी मीठ?"

"माडाक मीठ लागताच," हे खालून ओरडले. "सोलापूरकरांनी शेंगांचं बघावं."

वरच्या-खालच्या गॅलऱ्यांतली माणसं हसली. नव्या सोसायटीतली आमची ओळख अशी झाली.

माड जगला. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याची झावळी पहिल्या मजल्याच्या जाळीला लागली, आणि मुलगा दहावीला असताना पहिले नारळ धरले. त्यातला पहिला ह्यांनी देवासमोर वाढवला, आणि खोबऱ्याचा तुकडा घरोघरी वाटत फिरले, बारसं असल्यासारखे. झाड सोसायटीचं, पण सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत सगळे त्याला ह्यांचाच माड म्हणायचे. पुढे तो आमच्या दुसऱ्या मजल्याच्या वर गेला आणि नारळांच्या पेंडी अगदी गॅलरीसमोर लोंबायला लागल्या. हात लांब केला तरी पोचायचा नाही, पण प्रत्येक नारळ नीट दिसायचा.

मग माझं स्वयंपाकघर त्या माडाने ताब्यातच घेतलं. सुरमईच्या आमटीला वाटप, भाजीवर खोवलेलं खोबरं, जेवणानंतर सोलकढी, नारळी पौर्णिमेला नारळीभात, गणपतीत मोदक, आणि इतकं करून जे उरेल त्याच्या वड्या. मी विळीवर खोबरं खोवून खोवून अर्धी कोकणी झाले. एखादा नारळ हे गॅलरीच्या कोपऱ्यात मुद्दाम विसरल्यासारखा ठेवायचे. त्याला कोंब फुटला की फोडायचे. आत पाणी नसतं, त्या जागी पांढरा, हलका, गोडसर गोळा तयार झालेला असतो. तो हे आणि मुलगा अर्धा अर्धा खायचे आणि मला दाखवल्यासारखा एक तुकडा द्यायचे. मी मागितला तर म्हणायचे, "तुमच्याकडे शेंगांना मोड येतात ना, ते खा."

पण शहाळं काढायला बंदी. पाहुणे असोत, आवारात खेळणारी पोरं असोत, उन्हातून दमून आलेली माझी सख्खी बहीण असो, कुणी नुसतं म्हटलं की "एखादं कवळं काढू या का", की हे लगेच विचारायचे, "कोण आजारी आसा?" ह्यांच्या गावी तसा रिवाजच. शहाळं आजाऱ्याचं. धडधाकट माणसाने कवळा नारळ फोडणं म्हणजे माज. थोडे महिने थांबलं तर त्याचाच जून नारळ होतो आणि सगळ्या घराला पुरतो. आजारी माणसासाठी मात्र झाडावर नेहमी एखादी कवळी पेंड असायला हवी, रात्री-अपरात्री कुणाचं पोट बिघडलं, कुणाला ताप भरला तर कुठे शोधत बसायचं? नारळ उतरवायला जवळच्या गावठाणातला एक माणूस यायचा, पायात दोरीचं कडं अडकवून चढणारा. त्यालाही ह्यांनी हे पढवून ठेवलं होतं. तो वर पोचला आणि खालून पोरांनी "शहाळं, शहाळं" असा गलका केला की तोच शेंड्यावरून विचारायचा, "कोन आजारी हाय?"

आमच्या घरात नशिबाने कुणी तसं आजारी पडलंच नाही. मुलाला कावीळ झाली ती हॉस्टेलवर असताना. त्यामुळे त्या माडाचं शहाळं कसं लागतं हे इतक्या वर्षांत कुणाला माहीत झालं नाही. आणि त्यावरून आमचं वेगळंच एक भांडण होतं. जून नारळ फोडला की त्यातलं पाणी मी चाखायचे आणि म्हणायचे, "मचूळ आहे." खाडीच्या भरावातलं झाड, पाणी मचूळ येणारच. ह्यांना ते अजिबात मान्य नव्हतं. जून नारळाचं पाणी कुठेही असंच असतं, कवळ्याचं बघ, गावच्या माडासारखं गोड असेल. "मग काढा एक आणि दाखवा," मी म्हणायचे. "कोण आजारी आसा?" हे म्हणायचे. असा तो वाद वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. मला तर वाटतं ह्यांना तो मिटवायचाच नव्हता.

मग ह्यांची किडनी गेली.

साखर बऱ्याच वर्षांची होती. गोळ्या घ्यायचे, कधी विसरायचे, मी ओरडले की घ्यायचे. रिटायर झाल्यावर पायांवर सूज यायला लागली. चपलेचा पट्टा रुतायचा. त्यानंतर सगळं इतकं भराभर झालं की आम्हाला नीट घाबरायलाही वेळ मिळाला नाही. माझी किडनी द्यायची माझी तयारी होती, तर तपासणीत मलाच साखर निघाली. मुलाची घ्यायला हे तयार होईनात. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. "त्याचं आयुष्य आता सुरू होतंय," म्हणाले, आणि त्या विषयाला पुन्हा हात लावू दिला नाही. राहिलं डायलिसिस. एक दिवसाआड वाशीच्या हॉस्पिटलात जायचं, हाताच्या शिरेत सुया टोचून घ्यायच्या, आणि सगळं रक्त मशीनमधून फिरून येईपर्यंत छताकडे बघत पडायचं.

पथ्य सांगायला तिथे एक तरुण मुलगी होती. गोड होती, सावकाश बोलायची. काय काय खायचं नाही ते सांगताना तिने सुरुवातच नारळाने केली. नारळ नाही, ओलं खोबरं नाही, सुकं नाही. ह्यांचा चेहरा पडला. मला कसलं बरं वाटणार, पण इतक्या वर्षांची खोड, मी विचारलं, "आणि शेंगदाणा?"

"तोही नाही हं काकू."

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "फिट्टंफाट." त्या दिवशी आम्ही शेवटचं मनापासून हसलो असू.

मग ती शहाळ्याकडे आली. तिचा आवाज जरा बदलला. म्हणाली, बाकी एखादा घास चुकून गेला तर निभावेल, पण शहाळ्याचं पाणी म्हणजे विषच समजा. त्यात पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते. ह्यांच्या रक्तात ते साठेल, आणि साठलं की हृदय थांबतं. आम्ही बाहेर आलो तर फाटकाशीच शहाळ्यांची गाडी. हॉस्पिटल म्हटलं की शहाळ्याची गाडी आलीच. माणसं दोन्ही हातांत पिशव्या धरून आत जात होती. जन्मभर ज्या माणसाने आजाऱ्यासाठी शहाळी राखून ठेवली, त्याला आजार व्हावा तो नेमका शहाळं न चालणारा. मला देवाचा इतका राग आला की मी त्या संध्याकाळी दिवा लावला नाही. तो राग अजून आहे.

गाडीवाल्याला काय माहीत. तो दर वेळी हाक मारायचा, "आंटी, पेशंट के लिए ले जाओ, एकदम पानीवाला है." सुरुवातीला मी मान हलवायचे. पुढे एकदा इतकी चिडले की म्हटलं, "भैया, मेरे पेशंट को तुम्हारा नारियल पिलाया तो मर जायेगा." तो बिचारा कोयता हातात धरून बघतच राहिला. दुसऱ्या वेळेपासून मी दिसले की तो तोंड फिरवायला लागला, आणि मला ते जास्तच लागलं.

घरात मी खोबरं बंद केलं, माझंसुद्धा. भाज्या चिरून, उकळून, ते पाणी ओतून टाकायचं आणि मग फोडणीला द्यायच्या, म्हणजे त्यातलं पोटॅशियम जातं. चव कुठे जाते हे मला सिंकमधून जाणाऱ्या त्या हिरव्या पाण्याकडे बघून रोज कळायचं. माशाच्या आमटीला कांदा भाजून लावला, दाटपणाला चमचाभर तांदळाचं पीठ. हे जेवले आणि म्हणाले, "मासा परत पाण्यात सोडलास तू." मी म्हटलं, "मग पोहत जाऊ दे गावाला." दोघांनाही हसू आलं नाही. माड मात्र आपला धरतच होता. नारळ उतरवणाऱ्याला फोन करायचे ते हे, आणि हे तर अंथरुणाला लागलेले, म्हणून जून झालेले नारळ आपोआप पेव्हर ब्लॉकवर पडायचे. एक जरी पडला तरी खाली गाड्यांवरून आरडाओरडा. वॉचमन तो आणून आमच्या दारात ठेवायचा. मी तोच नारळ समोरच्या दारात नेऊन द्यायचे. तासाभराने त्यांच्या घरातून वाटपाचा वास यायचा आणि मी आमचं दार लावून घ्यायचे.

पण जेवणाचं काही नाही. माणूस जेवणावाचून निभावतो. तहान मात्र वाईट. ज्याची किडनी गेली त्याच्या अंगात गेलेलं पाणी बाहेर येत नाही, ते छातीत चढतं आणि श्वास कोंडतो. म्हणून सकाळी मी एक लहान बाटली भरायचे. दिवसभराचं पाणी तेवढंच, गोळ्याही त्यातच घ्यायच्या. दुपारपर्यंत ती संपायची. मग हे बर्फाचा खडा मागायचे. मग चूळ भरायला पाणी मागायचे आणि ती चूळ गिळून टाकायचे. मी समोर उभी राहून "थुंका" म्हणायचे. कारखान्यात माणसं सांभाळलेला माणूस, लहान मुलासारखा तोंड मिटून माझ्याकडे बघायचा. आजार वाढला तशी ह्यांची मुंबईची मराठी गळून पडली आणि गावची भाषा वर आली. "माका वायच पाणी दी गो," म्हणायचे. वायच म्हणजे थोडंसं. मी नाही म्हणायचे. दिवसातून किती वेळा नाही म्हणत होते कुणास ठाऊक. मी बायको राहिलेच नाही, पाण्यावरची पोलीस झाले. रात्री मला स्वतःला तहान लागली तर मी स्वयंपाकघरात जाऊन, नळ बारीक सोडून, आवाज न करता प्यायचे.

ह्यांचा पलंग आम्ही गॅलरीच्या दाराशी हलवला होता. तिथून माड दिसायचा. वर्तमानपत्र वाचवेना, टीव्हीचा कंटाळा यायचा, तर हे माडाकडे बघत पडायचे. कुठल्या पेंडीतले नारळ जून झाले, कुठल्या झावळीला कीड लागली, खारीने कुठला पोखरला, हे मला रोज सांगायचे. मी हो हो म्हणायचे आणि बाटलीवर नजर ठेवायचे. इतकी हिरवी, पाण्याने भरलेली फळं डोळ्यांसमोर लोंबतायत आणि माणसाचे ओठ फुटलेत. पलंग परत आत नेऊ का, असं मी एकदा विचारलं. "नको," म्हणाले. "तो तरी दिसू दे."

आजाऱ्याला भेटायला येणारी माणसं रिकाम्या हाताने येत नाहीत, आणि आपल्याकडे आजाऱ्याकडे न्यायचं म्हणजे शहाळं. मी दारातच सांगायचे, ते तुम्ही परत न्या. काहींना राग यायचा. काही म्हणायचे, "अहो शहाळ्याने कधी कुणाला काही होतं का?" मी पोटॅशियमचा पाढा वाचायचे. पण डोळ्यांत तेल घालून राहिलं तरी माणूस कुठे कुठे पुरणार? ह्यांची थोरली बहीण उरणजवळ जासईला असतात. त्यांचे यजमान तिकडे कंटेनर यार्डात नोकरीला होते, घरामागे चार माड आहेत. त्या आल्या तेव्हा मी औषधं आणायला खाली गेले होते. परत येऊन बघते तर हे उशीला टेकून बसलेले, चेहऱ्यावर समाधान, आणि नणंदबाई पदराने ह्यांचं तोंड पुसतायत. पलंगाखाली फोडलेली शहाळी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले, "पाणी बंद आहे त्यांचं, माहीत नाही का तुम्हाला?"

त्या गोंधळून म्हणाल्या, "पाणी नको म्हणालेले ना, म्हणान तर मी शहाळा हाडलंय. पाणी थोडाच दिलंय मी?"

त्यांच्या हिशोबाने त्या बरोबर होत्या. डॉक्टरांनी पाणी बंद केलं, भाऊ तहानेने तळमळतोय, तर त्याला पाणी न देता शहाळं द्यावं. शहाळं म्हणजे पाणी नव्हे, औषध. त्यांच्या आईने तेच शिकवलेलं, आईच्या आईने तेच. आणि ह्यांना तर सगळं माहीत होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं तर ह्यांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी ह्यांचे हातपाय लुळे पडले, नाडी लागेना. ॲम्ब्युलन्समध्ये नणंदबाई माझ्यासमोर बसल्या होत्या आणि रस्ताभर स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. त्या वेळी हे वाचले. मशीनवर घातलं, रक्त धुऊन काढलं, दोन दिवस आयसीयूत ठेवलं. त्यानंतर नणंदबाई भेटायला यायच्या त्या अगदी रिकाम्या हाताने, साधं फुलसुद्धा नाही. पलंगाजवळ खुर्चीत बसायच्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. ह्यांना पाणी देऊ का असंही विचारायच्या नाहीत. मी त्यांना कितीदा म्हटलं की झालं ते झालं, पण त्या हाताचा आणि त्यांचा समेट काही झाला नाही.

वाचले म्हणजे काय, तेवढ्यापुरते वाचले. पुढे मशीनवर घातलं की ह्यांचं बीपी खाली जायचं. डायलिसिस अर्धवट सोडून सुया काढायला लागायच्या. हृदयाला ते झेपत नव्हतं, आणि डायलिसिस न करणंही झेपत नव्हतं. श्वास लागायचा. उशा वाढत गेल्या. एक दिवस ह्यांना व्हीलचेअरवर बाहेर बसवून डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. त्या नेहमी घाईत असायच्या. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, तेव्हाच मला कळलं.

"मशीनवर घेण्यात आता अर्थ नाही, त्यांना नुसता त्रास होईल," त्या म्हणाल्या. "घरी न्या. पथ्यही नको आता. जे मागतील ते द्या."

जे मागतील ते द्या. इतके दिवस मी ह्या वाक्यासाठी तळमळत होते. मिळालं तर ते असं.

बाहेर येऊन मी ह्यांना सांगितलं की मशीन बिघडलंय, पुढच्या आठवड्यात यायला सांगितलंय. मला खोटं बोलता येत नाही, माझे कान तापतात. पण हे दमले होते, काही विचारलं नाही. मुलाला फोनवर खरं सांगितलं. तो म्हणाला, निघतो. मग रिक्षा शोधायच्या निमित्ताने मी फाटकाशी गेले आणि शहाळ्याच्या गाडीपुढे उभी राहिले. गाडीवाल्याने सवयीने तोंड फिरवलं. मी पर्स उघडली आणि तशीच बंद केली. ह्यांनी स्वतःच्या हाताने मीठ घालून लावलेला माड दारात असताना मी रस्त्यावरचं शहाळं का पाजू?

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या फोनमधून नंबर काढून मी नारळ उतरवणाऱ्याला बोलावलं. आला तेव्हा त्याला खालीच गाठून, आवाज शक्य तेवढा बारीक करून म्हटलं, "कवळे काढायचेत."

तो हसला. "कवलं? साएब तं कवा काराला देत नव्हतं. कोन आजारी हाय?"

"साहेबच," मी म्हटलं.

त्याने दोरी घेतली आणि चढायला लागला. मी धावत जिना चढून वर आले. वाटलं होतं, हे झोपेत असतील, सगळं गुपचूप उरकेल, आणि मी पेला हातात देताना सांगेन की डॉक्टरांनी आता थोडं थोडं चालेल म्हटलंय, तब्येत सुधारतेय म्हणून. मी वाक्यसुद्धा तयार करून ठेवलं होतं. पण हे जागे होते. गॅलरीचं दार उघडं होतं आणि समोर माडावर तो माणूस दिसत होता. त्याने पायाचं कडं घट्ट केलं, कमरेचा कोयता काढला आणि आत बघून, नेहमी खालून मिळणारा हुकूम ऐकायचा त्याच आदबीने विचारलं, "साएब, कंची कारू?"

कवळ्या नारळांच्या दोन पेंडी होत्या. हे त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी दाराची चौकट धरून उभी होते. माझे कान तापले असणार. ह्यांनी सुया टोचून टोचून गाठी आलेला तो डावा हात वर केला आणि बोटाने दाखवलं. जवळची नव्हे. त्या पलीकडची.

पेंड दोरीने खाली गेली. मी शहाळं फोडून घेऊन आले आणि लहान वाटी बाजूला ठेवून, लग्नातला मोठा स्टीलचा पेला काढून तो काठोकाठ भरला. पलंगाशी नेला. हे माझ्याकडे न बघता पेल्याकडे बघत होते.

"सगळा?" ह्यांनी विचारलं.

तयार केलेलं वाक्य मी सोडून दिलं. "सगळा," मी म्हटलं.

"बरा," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मुलगा कधी येता?"

"संध्याकाळी."

मी मानेखाली हात घालून पेला ओठांना लावला. इतकी तहान, इतके दिवस, मला वाटलं एका दमात संपवतील. दोन घोट घेतले. तिसरा घशात उतरेना, ओठांच्या कडेने गळ्यावर आला. मी पदराने टिपला. ह्यांनी डोळे मिटले, आणि गालात जरासं हसून, मला चिडवताना हसायचे तसंच, म्हणाले, "गोड आसा गो. बघ. मी सांगी होतंय."

मग झोप लागली. मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसून राहिले. पेला जवळजवळ भरलेलाच होता. ओतून टाकायला हात होईना, म्हणून मी तो प्यायले. मचूळ होतं. मी म्हणत होते तसंच.